तुमची निष्ठा नेमकी कुणाशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. म्हापशाच्या बाजारात विचारतात, पुण्याला गेलो की तिथेही विचारतात: घरात कोंकणी बोलता, लिहिता मराठीत, मग तुमची निष्ठा नेमकी कुणाशी? विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, तो भाग वेगळा.

1987 साली गोव्याचा राजभाषा कायदा झाला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि हाच प्रश्न तावातावाने दुसऱ्यांना विचारत फिरायचो. देवनागरी कोंकणी राजभाषा, आणि शासकीय कामात मराठीही चालेल. मला ते धड ना इकडचं ना तिकडचं वाटलं होतं. निष्ठेची काय वाटणी होते?

मग शब्दाच्याच मागे लागलो. 'स्था' म्हणजे उभं राहणं, त्याला 'नि' लागून निष्ठा. पाणिनीकडे तर 'निष्ठा' हे क्त आणि क्तवतू या प्रत्ययांचं नाव: गत, कृत, सगळं होऊन गेलेलं. भक्ती मात्र 'भज्'पासून, आणि त्यात वाटून घेणंही आहे. झालं, पळवाट सापडली! माझी दोघींवर भक्ती आहे, असं सांगू लागलो. पण लोक विचारत होते निष्ठेबद्दल, हे मलाही कळत होतं.

आई गेली त्या आठवड्यातली गोष्ट. तिने जन्मात कुणाशी मराठीत बोलणं केलं नाही, पण तिन्हीसांजेचे अभंग मराठीच. दिसेनासं झाल्यावर मी उशाशी बसून वाचायचो. त्या दिवशी तिसऱ्या अभंगाला तिने माझं मनगट धरलं. "पुरो आतां. म्हजेकडेन उलय." पुरे आता, माझ्याशी बोल.

मी वही मिटली आणि मला काही सुचेना. मनात येत होतं ते सगळं मराठीत, आणि तिच्याशी मराठी बोलणं म्हणजे पाहुण्याशी बोलल्यासारखं. शेवटी म्हटलं, "बांगडे सवाय जाल्यात." स्वस्त झालेत.

"कितले?"

मी भाव सांगितला.

"म्हारग," ती म्हणाली, आणि मनगट सोडलं नाही.

हे एकदा सांगितलं तर एकाने टाळीच वाजवली: "बघा, शेवटी कोंकणीच!" मला राग आला. बाराव्याला भजन ठेवलं होतं. कोणते अभंग म्हणायचे ते तिने डोळे धड होते तेव्हाच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. मराठीत.