वारी वाखरीपासून सुरू करत नाहीत

दोन वर्षं मनात घोळत होतं ते ठरलं एकदाचं. पुढच्या मे महिन्यात मी आणि माझी लातूरची मैत्रीण सांतियागोची यात्रा, म्हणजे स्पेनमधल्या संत जेम्सच्या समाधीपर्यंतची जुनी ख्रिस्ती पदयात्रा, चालत करणार, फ्रान्स-स्पेनच्या सीमेजवळच्या सें जां पिए द पोर या गावापासून सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत, साधारण 780 किलोमीटर, 35 दिवस. पण त्याच्या आधी मला फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून अकरा दिवस चालायचंय, ल पुई ते कॉंक, जवळपास 200 किलोमीटर, आणि त्यावरून आमचं दोघींचं महिनाभर चालूय.

ती म्हणते, यात्रा केल्याचं सर्टिफिकेट तर स्पेनमधल्या सारिया गावापासून शेवटचे 100 हून थोडे जास्त किलोमीटर चालले तरी मिळतं, आपण 780 चालणार, मग हे वरचे 200 कशाला? मला नीट उत्तर देता येईना. ते आत्याने दिलं. आत्या पैठणहून नाथांच्या पालखीसोबत जाते, कितीतरी वर्षं झाली. आधी तर ती म्हणाली, "पंढरी सोडून तिकडं काहून जायलीस बाई?" मग सगळं ऐकून घेतलं, नकाशा बघितला आणि म्हणाली, "वाखरीपासून कुणी वारी सुरू करतं का गं? जरा लांबून निघावं माणसानं." वाखरी म्हणजे पंढरपूरच्या अगदी अलीकडचा पालख्यांचा शेवटचा मुक्काम. झालं, माझ्या मनात जे होतं ते हेच.

पूर्वी या यात्रेला ठरलेली सुरुवात नव्हतीच, आपापल्या दारातून निघायचं. ल पुईचे बिशप गोदेस्काल्क 950 साली तिथून सांतियागोला निघाले, परदेशातून गेलेल्या आणि लेखी नोंद असलेल्या अगदी पहिल्या यात्रेकरूंपैकी ते एक. आजही तिथल्या कॅथेड्रलमध्ये सकाळी सातच्या प्रार्थनेनंतर निघणाऱ्यांना आशीर्वाद देतात.

आणि त्या गावाचं मला फार जवळचं वाटलेलं कारण म्हणजे दगड. ल पुई ज्वालामुखीच्या मुलखात आहे, गावाला लागूनच 80 मीटरहून उंच काळा सुळका उभाय आणि त्याच्या डोक्यावर दहाव्या शतकातलं छोटं चर्च, 268 पायऱ्या चढून जायचं. आपणही काळ्या पाषाणाचीच माणसं, वेरूळचं कैलास त्यातनंच कोरलंय, रानातली काळी मातीही त्याचीच. तिथल्या मातीत हिरवी मसूर पिकते, तिला 1996 मध्ये त्या भागाच्या नावाचं संरक्षण मिळालं, त्या नावाने दुसरीकडची डाळ विकता येत नाही. लातूरच्या तुरीच्या बाजारात वाढलेल्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा जरा खुलला.

आता वाटेचं. पूर्ण रस्ता लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवलेलाय, त्याला जीआर 65 म्हणतात. सुरुवात सोपी नाही हे मान्य, दुसऱ्या दिवशी आलिये नदीच्या दरीत खडा उतार आणि लगेच सोग गावाकडं चढ, माझ्या गुडघ्याची खरी काळजी तिथंच आहे. पण सें जांपासून निघालं तर पहिल्याच दिवशी पिरेनीज डोंगर चढून रोन्सेसवायेसपर्यंत साधारण 25 किलोमीटर, 1,400 मीटरच्या वर जायचं, तिथं पाय आधीच चालायला लागलेले असले तर बरं ना. मधे ओब्राकचं पठार लागतं, 1,300 मीटरच्या आसपास, नुसती कुरणं, दगडी कुंपणं आणि गायी, एप्रिलमध्येही बर्फ असू शकतो म्हणून मे धरलाय. शेवटी कॉंक, दरीतलं दगडी गाव, चर्चच्या दारावर शेवटच्या न्यायाचा (जगाच्या अंती देव करणार त्या निवाड्याचा) देखावा कोरलाय, 124 आकृत्या. मला तिथं एक पूर्ण दिवस नुसतं बसायचंय.

मुक्कामाला जीत असतात, म्हणजे यात्रेकरूंसाठीची साधी घरं, पलंग, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाष्टा मिळून माणशी 50 युरोच्या आसपास. शाकाहारी आहोत हे बुकिंगलाच सांगायचं. दिंडीत सामान ट्रकमध्ये टाकून आपण टाळ घेऊन मोकळे, इथं आपलं ओझं आपल्याच पाठीवर (पैसे देऊन बॅग पुढच्या मुक्कामी पाठवता येते, पण मला उचलायचीय). गावातली दुकानं दुपारी बंद, रविवारी तर बऱ्याच ठिकाणी काहीच उघडं नसतं, त्यामुळे ब्रेड-चीज आदल्या दिवशी घेऊन ठेवायचं. पाणी गावातल्या स्मशानभूमीच्या नळावर मिळतं, हे वाचून आत्या बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली चांगली सोय आहे.

व्हिसाचं नीट लक्षात घ्या, आधी फ्रान्समध्ये उतरणार म्हणून मी फ्रान्सचाच अर्ज भरायला घेतला होता, पण दोन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो आणि जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा असतो, म्हणजे आमचा स्पेनकडं. 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा, आमचे चालायचे 46 आणि कॉंक ते सें जां वगैरे मधल्या प्रवासाचे धरून 50 होतात. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो.

मैत्रीण अजून पूर्ण हो म्हणालेली नाही, पण परवा तिने स्वतःहून बुटांचा फोटो पाठवला. या रविवारी पहाटे चारला अंबाजोगाईहून परळीला चालत निघायलोत, पाठीवर सात किलो घेऊन. आत्या एसटीने पुढं जाऊन वैजनाथाच्या पायऱ्यांवर भाकरी-ठेचा घेऊन बसणारे.