भिशीचे तीन लाख

साताऱ्यात माझी वकिली मुख्यतः जमिनीच्या कागदांची. सर्च रिपोर्ट, खरेदीखत, हक्कसोडपत्र. त्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या चौघी सिस्टर ड्युटी संपवून थेट ऑफिसात आल्या. भिशीतून ३ लाख रुपये साठले होते आणि ते एका बिल्डरच्या प्रोजेक्टमध्ये ‘लावायचे’ होते. दरमहा दीड टक्का, दोन वर्षांनी मुद्दल परत, वर एक फ्लॅट तारण. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला ‘गुंतवणूक करारनामा’ त्यांनी टेबलावर ठेवला. सही तेवढी बाकी होती.

“माणूस ओळखीचा आहे मॅडम, हिच्या दिराचं घर त्यानंच बांधलंय,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “आणि फ्लॅट तारण असल्यावर पैसा बुडेल कसा?”

त्यांच्यासमोरच महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, साइट उघडली. नोंदणी खरी निघाली, क्रमांक बरोबर, मुदतही संपलेली नव्हती. चौघींचे चेहरे खुलले. मग डिजिटल सही असलेला सातबारा काढला. जागा शहराच्या हद्दीबाहेरची बिनशेती. ‘इतर हक्क’ या रकान्यात एका पतसंस्थेचा बोजा होता, रक्कम आणि फेरफार क्रमांकासकट. उद्या गाडं अडलं तर त्या जमिनीवर आणि इमारतीवर पहिला हात पतसंस्थेचा. सिस्टरांच्या तारणाची नोंद मात्र कुठेच होणार नव्हती. नोटरी म्हणजे सही कुणी केली एवढीच साक्ष, तिने फ्लॅटवर हक्क बसत नाही.

त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला तो पुढची गोष्ट पटायला. फ्लॅट घेणाऱ्याकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम रेरा कायद्याप्रमाणे वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती जमीन व बांधकामावरच खर्च करता येते. ताबा रखडला तर व्याजासकट परतावा मागता येतो. पण हे सगळं फ्लॅट घेणाऱ्यासाठी. “तुम्ही फ्लॅट घेतच नाही आहात. तुम्ही त्यांना हातउसने देताय,” मी म्हटलं. करारनाम्यातलं खातं फर्मचं साधं करंट खातं होतं. तिथून पैसा कुठेही जाऊ शकतो, दुसऱ्या साइटच्या सळईलासुद्धा.

मी बिल्डरलाच बोलावून घेतलं. तासाभरात ते आले. माणूस लबाड नव्हता, हे मला आजही वाटतं. स्लॅब पडले होते, विक्री मंदावली होती, बँक पुढचं कर्ज देईना. मी त्यांना २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा दाखवला. परताव्याचं आश्वासन देऊन अशा ठेवी स्वीकारल्या तर २ ते ७ वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड. त्यांनी दोनदा वाचलं. मग बॅगेतून एक लाल कापडी बांधणीची वही काढून माझ्यापुढे सरकवली.

पानापानावर नावं. कुणाचे १० हजार, कुणाचे २५. एका नावापुढे ‘भाजीवाली, मार्केट यार्ड’, दुसऱ्यापुढे ‘साइटचा वॉचमन’. व्याजाच्या तारखा पेनाने, दिलेल्या रकमा पेन्सिलने. मोठ्या सिस्टरांनी वाकून वही पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, ह्या मावशी आमच्याच ओपीडीत येतात.” त्यानंतर त्यांनी करारनामा परत मागितला नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही वहीवरून यादी केली. नवीन पैसे घेणं तिथेच बंद, जुने परत करायचं वेळापत्रक लेखी, आणि ज्यांना खरंच फ्लॅट हवा त्यांच्याशी साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, तेही दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेताच येत नाही, हे बिल्डरना माहीत होतं. पाळलं जात नव्हतं. पैसे परत केले म्हणून आधीचा गुन्हा आपोआप पुसला जात नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं आणि त्यांना फौजदारी वकील गाठायला लावलं.

सिस्टरांचा प्रश्न उरलाच होता: थोडक्या पैशात जागेच्या धंद्यात शिरायचंच नाही का? शिरता येतं. शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचं, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणाऱ्या ट्रस्टचं, एकेक युनिट डिमॅट खात्यातून घेता येतं. त्यातली किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी असावी लागते, आणि वाटपयोग्य रकमेतला ९० टक्के वाटा युनिटधारकांना द्यावा लागतो. भाव खालीवर होतो, दरमहा दीड टक्क्याची हमी कुणी देत नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२४ मध्ये छोट्या रीटचे नियम आणले, पण तिथे किमान गुंतवणूक १० लाखांची, म्हणजे भिशीच्या आवाक्याबाहेरची. चौघींनी बहुतेक रक्कम पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत टाकली. धाकट्या सिस्टरांनी तेवढी हौसेने थोडी युनिट्स घेतली.

वहीतल्या बहुतेकांचे पैसे फिटले आहेत. भाजीवाल्या मावशींचा शेवटचा हप्ता दिवाळीआधी द्यायचा ठरलाय. चेक माझ्या ऑफिसात, माझ्यासमोर द्यायचा, असं मी बिल्डरकडून लिहून घेतलं आहे.