टेम्पेलह्यूटरच्या पायाशी

जर्मनीतल्या ब्रेमेनहून आगगाडीनं फेर्डन हे गाव अर्ध्या तासाच्या आत येतं. हानोव्हर घोड्यांच्या संघटनेचं मुख्यालय इथलं, लिलावही इथलेच. मी आले होते ते हे हानोव्हर घोडे बघायला. पण अश्वसंग्रहालयाच्या दाराशीच पाय अडले. तिथं टेम्पेलह्यूटर नावाचा ब्राँझचा घोडा उभा आहे.

"मावशी, हा इथला नव्हेच. हा ट्राकेनर," भाचा म्हणाला.

ट्राकेनर म्हणजे ट्राकेनेनच्या घोड्यांचा वंश, आणि ट्राकेनेन हे पूर्व प्रशिया या जुन्या जर्मन प्रांतातलं गाव. राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला यानं तिथली दलदल उपसून १७३२ मध्ये शाही पागा उभारली. सैन्याला चपळ, काटक घोडे हवे होते. पुढे स्थानिक घोड्यांत अरबी आणि इंग्लिश थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांचं रक्त मिसळत गेलं. अशा घोड्यांना 'वॉर्मब्लड' म्हणतात त्याचा अंगातल्या उष्णतेशी संबंध नाही, हे मला इथंच कळलं (मी आपली इतकी वर्षं शब्दशः समजत होते!). अरबी आणि थरोब्रेड 'गरम', ओझी ओढणारे अवजड घोडे 'थंड', आणि मधले हे. ट्राकेनर मात्र 'गरम'कडे चांगलाच झुकलेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये क्रोनोस आणि नुर्मी या दोन ट्राकेनरांनी आपापल्या स्वारांना सुवर्णपदकं मिळवून दिली.

मग दुसरं महायुद्ध. रशियन फौजा पूर्व प्रशियाकडे सरकू लागल्या. पागेतले घोडे ऑक्टोबर १९४४ मध्ये हलवले गेले, पण खरे हाल झाले ते गावोगावच्या शेतकऱ्यांचे आणि त्यांच्या घोड्यांचे. जानेवारी १९४५ च्या कडाक्यात बायका, म्हातारे, पोरं गाड्या जुंपून पश्चिमेला निघाली. वाटेत गोठलेली खाडी. वरून विमानांचा मारा, खाली तडकणारा बर्फ. कित्येक घोड्या गाभण होत्या, त्याही गाड्या ओढत होत्या. पलीकडे पोचल्या त्या फार थोड्या. त्यांच्यावरच १९४७ मध्ये हाम्बुर्गला नवी संघटना उभी राहिली.

गाव गेलं, पण वंशाचं दार या लोकांनी उघडं टाकलं नाही. हानोव्हरवाले इतर वॉर्मब्लडांचं रक्त घेतात. ट्राकेनरमध्ये अरबी, अँग्लो-अरब आणि थरोब्रेड सोडले तर बाहेरच्याला प्रवेश नाही. मला हा हट्ट आवडला.

टेम्पेलह्यूटरच्या पुतळ्याचंही गाव असंच सुटलं. मूळ पुतळा १९३२ चा, पागेच्या दोनशेव्या वर्षातला. युद्धानंतर तो मॉस्कोला गेला. फेर्डनला आहे ती १९७४ ची प्रतिकृती. ट्राकेनेन आता रशियात आहे, नाव यास्नाया पोल्याना. तिथंही २०१३ मध्ये एक प्रतिकृती बसवली.

दुपारी गावाबाहेरच्या एका तबेल्यात खरीखुरी ट्राकेनर घोडी भेटली. काळीभोर, लांब मानेची, वयानं पोक्त. डाव्या मांडीवर दोन शिंगांचा जुना डाग: एल्क नावाच्या थोराड सांबराची पसरट शिंगं. ते जनावर पूर्व प्रशियाच्या दलदलीतलं. मालकिणीनं तिला दुडकीवर सोडलं. प्रत्येक पावलाला क्षणभर अधांतरी राहिल्यासारखी ती कुंपणापर्यंत गेली, वळली, आणि थेट माझ्या पिशवीतल्या सफरचंदाकडे आली.