रुळांना वीज पुरवताना

माझ्या गच्चीवरच्या खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर मॉडेल रेल्वेचा, एचओ मापाचा, म्हणजे दोन रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटर अंतर (गेज) असलेला, सुमारे वीस फूट लांबीचा लंबगोल मार्ग मी गेल्या हिवाळ्यात अंथरला. रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरच्या दोन तारा एकाच ठिकाणी जोडल्या होत्या. इंजिन त्या बाजूला झपाट्याने धावे आणि समोरच्या वळणावर मात्र चढ लागल्यासारखे रेंगाळे. मल्टिमीटर लावला, तर तेथेही पूर्ण बारा व्होल्ट दिसत होते, त्यामुळे दोष इंजिनाचाच आहे असे समजून मी दोन संध्याकाळी त्याची चाके पुसण्यात घालवल्या.

कोडे सोडवले ते रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेल्या, नागपुरात अजनीला राहणाऱ्या आमच्या परिचित काकांनी. "अहो, भार नसताना मोजून काय उपयोग?" असे म्हणून त्यांनी माझ्या जुन्या मोटारसायकलचा दहा वॅटचा इंडिकेटरचा दिवा रुळांवर जोडायला लावला. तो पेटताच मीटर नऊ व्होल्टांवर उतरला. माझे रूळ निकेल सिल्व्हरचे. नाव तसे असले, तरी त्यात चांदी नसतेच. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या या मिश्रधातूचा विद्युतरोध तांब्याच्या कितीतरी पट असतो, पण व्होल्टेजची खरी घट होत होती ती दोन रुळांना जोडणाऱ्या सैल जॉइनरमध्ये. खऱ्या रेल्वेतही ट्रॅक सर्किटसाठी, म्हणजे रुळांतल्या विजेवरून गाडी कुठे आहे हे ओळखणाऱ्या व्यवस्थेसाठी, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटवर विसंबून न राहता सांध्यावरून वेगळी तार टाकतात, हे त्यांनी तेव्हा सांगितले.

सगळे सांधेच सोल्डर करून टाकावेत, असे मला वाटले होते. काकांनी त्याला नकार दिला. जानेवारीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारपर्यंत वीस फूट रूळ तीनेक मिलिमीटर वाढतो आणि पत्र्याखालच्या माझ्या खोलीत तर अधिकच. सांधे बंद केले, तर रूळ वाकडा होणार. म्हणून सांधे मोकळे ठेवून सातही तुकड्यांना स्वतंत्र तारा देण्याचे ठरले.

बर्डीच्या बाजारातून अडीच चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी तार कंट्रोलरपासून निघणाऱ्या मुख्य वाहिनीसाठी, तर अर्ध्या चौरस मिलिमीटरची फीडरसाठी, म्हणजे वाहिनीतून प्रत्येक तुकड्याला वीज नेणाऱ्या तारांसाठी, आणली. खरी कसोटी सोल्डरिंगची होती. पहिल्याच डागाला मी सोल्डरिंग आयर्न रुळावर फार वेळ टेकवले आणि प्लास्टिकचे दोन स्लीपर मेणासारखे बसले. त्यानंतर मी रुळाची बाहेरची बाजू सॅंडपेपरने चकचकीत करून घेई, रूळ व तार दोन्हींवर आधी सोल्डरचा पातळ थर चढवी, दोन्ही बाजूंना ओल्या कापडाच्या घड्या ठेवी आणि मगच दोन-तीन सेकंदांत तार चिकटवी. आतल्या बाजूला सोल्डर लावायचे नाही, कारण चाकांच्या कडा तेथूनच जातात. ॲसिडयुक्त पेस्ट टाळून राळेचा गाभा असलेलेच सोल्डर वापरले.

चौदा डागांपैकी दहावा चुकला. प्लायवूडखाली पाठीवर झोपून काम करताना माझी डावी-उजवी बाजू उलटली, लाल तार काळ्या वाहिनीला गेली आणि कंट्रोलरचा ओव्हरलोडचा दिवा लागला. फीडर एकेक करून सोडवत गेलो, तेव्हा कुठे ती तार सापडली. आता प्रत्येक तार जोडली की लगेच मल्टिमीटरने लाल-काळ्यात शॉर्ट नाही ना हे पाहतो, मगच पुढची घेतो.

शेवटी तोच इंडिकेटरचा दिवा समोरच्या वळणावर लावला, तेव्हा मीटर ११.८ दाखवत होता.