जुनी सफारी, मागे घर आणि चिखलदऱ्याचा घाट

चाकांवरचे घर मागे जोडून प्रवास करतो असे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न हमखास विचारतो, "गाडी ओढते का?" ओढण्याचा प्रश्न खरे तर फारसा अवघड नाही, कारण सपाट रस्त्यावर टनभर वजन कितीतरी गाड्या ओढून नेतील. वाहनाची परीक्षा होते ती उतारावर, वळणावर आणि अचानक आडव्या आलेल्या म्हशीपुढे. मागचे वजन पुढच्या गाडीला रेटू लागले की ती ते आवरू शकते का, हे पाहूनच आम्ही गाडी निवडली, आणि आर्वीहून चिखलदऱ्यापर्यंतच्या या हिवाळी प्रवासात ती निवड कसाला लागली.

घर मागे घेऊन फिरण्याचे कारण घरातलेच आहे. आईचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत आणि बाबांना पथ्याचे जेवण वेळेवर लागते. विदर्भाच्या ग्रामीण भागात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण वृद्ध माणसांना सोयीचे होईल असे स्नानगृह आणि स्वयंपाकाची जागा प्रत्येक मुक्कामी मिळत नाही. म्हणून दोन वर्कशॉपमध्ये चौकशी करून एका ॲक्सलचा, म्हणजे एकाच आसावर दोन चाके असलेला छोटा ट्रेलर बांधून घेतला. त्यात चार माणसांची झोपण्याची सोय, कमोड, दोन शेगड्या आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश होतो, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र नंबर प्लेट आवश्यक असते. हे काम आधी आणि रीतसर करून घ्यावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

ओढायला घेतली ती २०१६ सालची टाटा सफारी स्टॉर्म, चारही चाकांना जोर देणारी. ही गाडी २०१२ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, त्यामुळे आता ती जुन्याच बाजारात मिळते. आमच्या गाडीतील २.२ लिटरचे डिझेल इंजिन १५६ अश्वशक्तीचे आहे, पण मला महत्त्वाचा वाटला तो ४०० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, जो मिनिटाला १७५० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. मागे ट्रेलर असताना इंजिन किंचाळवत न्यायचे नसेल, तर कमी फेऱ्यांवर मिळणारा असा जोर फार उपयोगी पडतो. त्याहूनही महत्त्वाचा आहे तो शिडीसारखा स्वतंत्र चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. हुकाचा सगळा ताण त्या दोन जाड तुळयांवर बसतो, बॉडीच्या पत्र्यावर येत नाही. शिवाय गाडीचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास आहे. पुढची गाडी मागच्या ट्रेलरपेक्षा चांगली भारी असावी, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मी चिंता मिटते.

जुनी गाडी पाहताना आतली सीट कव्हरे आणि म्युझिक सिस्टिम यांच्याकडे मी फारसे लक्ष दिले नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत गंज कमी लागतो, मात्र ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कूलंटचे रबरी पाइप कडक होतात आणि रेडिएटरच्या जाळीत धूळ व कापसाचे तंतू असे घट्ट बसतात की बाहेरून पाणी मारून ते निघत नाहीत. म्हणून रेडिएटर खाली उतरवून साफ करून घेतला. चासीच्या मागच्या टोकाला नंतरचे वेल्डिंग आहे का, हे गाडीखाली आडवे होऊन पाहिले. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपत आलेली असते, आणि ट्रेलर ओढणाऱ्याला तशी गाडी परवडत नाही. टायरच्या कडेवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांवरून तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी तयार झाला ते कळते. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर भाराखाली फुटू शकते, म्हणून पाचही टायर नवे घातले. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आरटीओकडे दिले, विमा आपल्या नावावर करून घेतला, आणि मगच हूक बसवण्याचा विचार केला.

निघण्यापूर्वी ट्रेलर काट्यावर नेला, आणि या प्रवासातील सर्वांत उपयोगी शिक्षण तिथेच मिळाले. शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, यांनी जन्मभर ट्रॉलीने कापूस वाहिला आहे. त्यांच्याच ओळखीने आम्ही एका जिनिंगच्या वजनकाट्यावर भल्या सकाळी पोहोचलो. कापसाच्या गाड्यांची रांग लागायला अजून अवकाश होता. प्रथम ट्रेलर सोडवून एकटाच काट्यावर उभा केला. पाण्याची टाकी भरलेली होती आणि वजन भरले ११८० किलो. मग तो सफारीला जोडला आणि फक्त त्याची दोन चाके काट्यावर राहतील अशी गाडी पुढे घेतली. आता वजन आले ११०० किलो. म्हणजे दांडीवाटे गाडीच्या हुकावर येणारा भार ८० किलो, एकूण वजनाच्या सात टक्क्यांहून कमी. हा भार साधारण दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. तो कमी पडला की वेगात ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे डोलू लागते, आणि ते डोलणे वाढत गेले तर पुढच्या गाडीचीही पकड सुटते.

काकाजींनी आकड्यांकडे पाहिलेही नाही. ट्रेलरभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "बाबू, दांडीवर वजन पायजेच. मांग जादा भरलं तं ट्रॉली गाडीले नाचवते." पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे सुमारे मीटरभर अंतरावर आहे. ती रिकामी केली आणि पुन्हा वजन केले, तेव्हा ट्रेलर १०८० आणि चाकांवर ९७० किलो भरले. दांडीवरचा भार ११० किलो झाला, म्हणजे शंभर किलो पाणी काढल्याने ट्रेलर हलका झाला आणि हुकावरचा भार मात्र ३० किलोंनी वाढला. तेव्हापासून टाकी रिकामी ठेवूनच निघायचे आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरायची, असा नियम ठरला. गॅसची टाकी व बॅटरी दांडीलगत पुढे, धान्य आणि भांडी ॲक्सलच्या वर, मागे फक्त अंथरुणे. हुकावरचा तो भार गाडीच्या मागच्या ॲक्सलवर येतो, तेव्हा सफारीच्या डिकीत सामान किती ठेवायचे याचा हिशेबही बदलला.

आर्वीहून निघून कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडली आणि अमरावतीच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस वेचणी सुरू होती, तुरी उभ्या होत्या. ताशी साठ किलोमीटरच्या वर जायचे नाही असे ठरवले होते आणि ते अजिबात जड गेले नाही. खरे लक्ष द्यावे लागते ते गावोगावच्या गतिरोधकांवर. गाडीची पुढची चाके, मागची चाके आणि मग ट्रेलरची चाके, असे तीन धक्के ओळीने बसतात; तिसरा धक्का बसून जाईपर्यंत पाय ॲक्सिलरेटरवर नेऊ नये. अंधारात परावर्तकाशिवाय उभ्या असलेल्या ट्रॉल्या आणि सायंकाळी परतणारी गुरे लक्षात घेऊन आम्ही दिवस मावळण्याआधीच मुक्काम गाठतो. वलगाव, आसेगाव पूर्णा करत परतवाड्याला आलो तेव्हा सातपुड्याची निळसर रांग समोर आली होती. तिथे चहा घेतला, टायरची हवा मोजली, हुकाची खिट्टी, एकमेकींवरून आडव्या नेलेल्या दोन्ही साखळ्या आणि दिव्यांची वायर पुन्हा तपासली.

परतवाडा ते चिखलदरा हे अंतर सुमारे ३० किलोमीटर, आणि चिखलदऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर. घाटात माणसे आणि सामान धरून जवळजवळ साडेतीन टन वजन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वर चढत होते. इंजिनाच्या तापमानाचा काटा जरा वर सरकून तिथेच स्थिर राहिला. खाली उतरवून साफ केलेल्या रेडिएटरचे मोल तेव्हा कळले. तीव्र वळणावर ट्रेलर नेहमी आतल्या बाजूने कापून जातो, म्हणून गाडी बाहेरच्या कडेपर्यंत नेऊन मगच वळवायची. समोरून एसटी आली की आम्ही आधीच थांबत होतो, आणि चालकही हात दाखवून सावकाश पुढे जात होते.

वाटेत गाविलगडाच्या तटाकडे पाहताना १८०३ सालचा डिसेंबर आठवतो. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने हा किल्ला घेतला तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने उत्तरेकडून येण्यासाठी डोंगरात स्वतः वाट पाडली आणि जड तोफा जवळजवळ सगळे अंतर माणसांच्या हातांनी ओढून आणल्या. दर वळणावर मागच्या वजनाचा विचार करणाऱ्या माणसाला त्या युद्धातील हल्ल्यापेक्षा ती ओढाओढ अधिक थक्क करते.

मुक्काम चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावालगत एका परिचितांच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात होता. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वाटेल तिथे ट्रेलर उभा करून राहता येत नाही आणि करूही नये. खासगी जागा, मालकाची स्पष्ट परवानगी आणि सांडपाण्याची आधी ठरलेली सोय एवढे असल्याशिवाय आम्ही निघतच नाही. शेताचे फाटक अरुंद होते आणि ट्रेलर मागे घेऊनच आत न्यावा लागणार होता. आमच्या ट्रेलरचे ब्रेक त्याच्याच रेट्याने लागणारे आहेत, म्हणजे तो मागून ढकलू लागला की दांडी दबते आणि त्याच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. गाडी मागे घेतानाही दांडी दबतेच, त्यामुळे आधी खाली उतरून ब्रेकच्या दांड्यात अडकण घालावी लागते. पुढचे काम काकाजींनी सोयाबीन निघालेल्या मोकळ्या शेतात आम्हा दोघांना शिकवले होते. "सूनबाई, त्याले सांगजा, हात इश्टेरिंगच्या खाल्ल्या अंगाले धराचा, आन् ज्या बाजूले ट्रॉली न्याची त्याच बाजूले हात न्याचा." पत्नी मागे उभी राहून हाताने दिशा दाखवत होती, मी आरशात फक्त तिचा हात पाहत होतो, आणि ट्रेलर फाटकातून आत गेला.

मोथ्याची थंडी, सकाळचे धुके, गवळ्यांकडचा ताजा खवा, सगळे मनासारखे लाभले. आईने पहाटे स्वतःच्या स्वयंपाकघरात उभे राहून चहा केला आणि बाबांनी ट्रेलरच्या पायरीवर बसून तो घेतला. याहून जास्त त्या मुक्कामाकडून आम्हाला काही नको होते.

परतीचा घाट हाच या प्रवासाचा कठीण भाग. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे घाटातले सगळेच चालक जाणतात आणि सफारीचे इंजिन त्या गिअरमध्ये गाडीला छान धरून ठेवते. परंतु रेट्यावर चालणाऱ्या ब्रेकच्या ट्रेलरला आणखी एक गोष्ट लागू होते. इंजिनाने पुढची गाडी रोखून धरली तरी ट्रेलर मागून ढकलतच राहतो, म्हणून त्याचे ब्रेक उतारभर थोडेथोडे लागलेलेच असतात आणि चाकांचे ड्रम तापत जातात. आपण ब्रेक पेडलला पायही लावला नसला तरी हे घडते, आणि गाडीत बसून ते कळत नाही. त्यासाठी रस्ता रुंद असेल तिथे आम्ही थांबत गेलो. चाकाजवळ हात नेला की धग जाणवायची. तळव्याला ती सोसेनाशी झाली की पुरेसा वेळ थांबायचे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचे नाही, कारण एकदम थंड झालेल्या बिडाला तडा जाऊ शकतो. एका थांब्यावर उजव्या चाकाचा ड्रम डाव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त गरम लागला. दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे आवळले जात नव्हते, एवढे त्यावरून नक्की झाले, आणि उरलेला घाट आम्ही आणखी एक गिअर खाली घेऊन उतरलो.

परतवाड्याला एका गॅरेजमध्ये चाक उचलून उजव्या बाजूचे ब्रेक शू थोडे सैल केले आणि दोन्ही चाके हाताने फिरवून सारखी केली. डिझेलचा हिशेबही तिथेच मांडला. एकटी असताना लिटरला अकरा-बारा किलोमीटर देणारी गाडी ट्रेलरसह आठच्या आसपास आली. घाट धरून हा आकडा मला रास्त वाटतो आणि पुढच्या प्रवासाचा खर्च मी त्याच दराने धरणार आहे.

पुढचा बेत वैनगंगेकाठच्या मार्कंड्याचा आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते आणि त्या गर्दीत ट्रेलर नेणे योग्य नाही, म्हणून जत्रेच्या बरेच आधी जाऊन येऊ. तोवर दोन्ही ड्रम उघडून ब्रेक शू बदलायचे आहेत आणि सफारीच्या डिफरन्शियलचे तेलही. फाल्गुन सरला की मात्र ट्रेलर सावलीत ठेवून चाकांखाली ठोकळे लावायचे, कारण विदर्भाच्या चैत्र-वैशाखात या इंजिनाकडून साडेतीन टनांचे काम मी करून घेणार नाही.