पीव्हीसी 'ॲक्टिव्ह', तरी विटा शाखा बंद

फ्रेम रिले हे दूरच्या कार्यालयांना टेलिफोन कंपनीच्या स्विचमधून जोडणारं तंत्र आता इतिहासजमा झालं, पण एके काळी आमच्या बँकेच्या शाखा त्यावरच चालायच्या. मुख्य कार्यालय सांगलीत. तासगाव, विटा, आटपाडी, जत अशा प्रत्येक शाखेसाठी एक पीव्हीसी, म्हणजे सांगली आणि त्या शाखेमधली कायमची आखून ठेवलेली आभासी वाट. सांगलीचा एकच सिरियल पोर्ट या सगळ्यांना पुरायचा, हे त्या तंत्राचं मोठेपण मला आजही वाटतं.

परतीच्या पावसात वीज पडून विट्याचा राउटर जळला. पुरवठादाराने वेगळ्या कंपनीचा राउटर बसवला, हिरवा दिवा लागलेला पाहिला आणि त्याचा माणूस निघून गेला. सकाळी शाखाधिकाऱ्यांचा फोन. "साहेब, लाइट तर हिरवी दिसतीया, पण खातंच उघडंना. उसाचा दिवाळीचा हप्ता जमा झालाय, बाहेर रांग लागलीया."

सांगलीच्या राउटरवर 'शो फ्रेम-रिले पीव्हीसी' हा आदेश मारून पाहिला. 'डिलिटेड' दिसलं असतं तर स्विचला तो डीएलसीआय (पीव्हीसीचा क्रमांक) माहीतच नाही, 'इनॲक्टिव्ह' असतं तर घोळ पलीकडच्या टोकाला, असा सरळ हिशेब. इथे चक्क 'ॲक्टिव्ह'. एलएमआयची, म्हणजे लाइन चालू आहे ना ही विचारपूसही दर १० सेकंदांनी बिनचूक चाललेली. आणि पिंगला, म्हणजे पलीकडून उत्तर मागणाऱ्या चाचणीच्या पॅकेटांना, मात्र एकही उत्तर नाही.

अशा वेळी बरेच जण लाइनवाल्यांशी भांडत बसतात. पण एलएमआयचं बोलणं राउटर आणि त्याच्या लगतच्या स्विचमधलं. स्विच डीएलसीआय पाहून फ्रेम (माहितीचं पाकीट) पुढे धाडतो, आतला मजकूर उघडत नाही. पलीकडच्या राउटरला तो मजकूर कळला का, हे 'ॲक्टिव्ह' कधीच सांगत नाही.

मग विट्याच्या तरुण क्लार्कला कन्सोलवर बसवलं आणि फोनवर आकडे वाचायला सांगितले. मी इकडून पिंग मारला की ५ पॅकेट जायची. तो म्हणाला, "सर, अननोन प्रोटोकॉलपुढचा आकडा ५ ने वाढला." म्हणजे आमच्या फ्रेम विट्यापर्यंत सुखरूप पोचत होत्या आणि मजकूर न कळल्याने तिथे फेकल्या जात होत्या!

आमचा राउटर सिस्कोचा. वेगळं काही सांगितलं नाही तर तो स्वतःच्या पद्धतीचं एन्कॅप्सुलेशन, म्हणजे फ्रेममध्ये मजकूर बांधायची रीत, वापरतो. नवा राउटर आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीचा, म्हणजे तिच्या आरएफसी १४९० या दस्तऐवजातल्या. येणाऱ्या फ्रेम सिस्को दोन्ही पद्धतींच्या वाचतो, म्हणून विट्याचं आम्हाला कळत होतं. आमचं विट्याला नाही. जुना राउटरही सिस्कोचाच असल्याने हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

सगळ्या पोर्टचं एन्कॅप्सुलेशन बदलायचा मोह मी टाळला. बाकीच्या शाखांचं काम सुरू होतं, त्यांना धक्का लावायचं कारण नव्हतं. फक्त विट्याच्या डीएलसीआयची मॅपची ओळ (कोणता पत्ता कोणत्या डीएलसीआयवर, हे राउटरला सांगणारी) काढली आणि शेवटी 'आयईटीएफ' जोडून पुन्हा लिहिली. पुढच्या पिंगला स्क्रीनवर पाच उद्गारचिन्हं, म्हणजे पाच उत्तरं, उमटली. फोनवर क्लार्क ओरडला, "सर, आलं! खातं उघडलं!"

आटपाडीलाही लवकरच हेच मॉडेल बसणार होतं. तिथला डीएलसीआय आणि ती मॅपची ओळ मी त्याच दुपारी वहीत लिहून ठेवली, आणि शाखाधिकाऱ्यांना कळवलं की राउटर बदलणारा माणूस सांगलीहून पिंग लागल्याशिवाय सोडायचा नाही.