राजापूर ते हिप्परगी : बंधाऱ्याबंधाऱ्यानं कृष्णेतून

राजापूर हा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा बंधारा. त्याच्या खाली नदी शिरोळ तालुका सोडून बेळगाव जिल्ह्यात शिरते आणि चिकोडी, कागवाड, रायबाग, अथणी या तालुक्यांचे काठ धरत बागलकोट जिल्ह्यात हिप्परगीच्या बॅरेजला जाऊन अडते. दिवाळीनंतर या पट्ट्यात वाहतं पाणी थोडंच उरतं. एका बंधाऱ्याचा फुगवटा (मागं अडून साचलेलं पाणी) संपतो न संपतो तोच पुढच्याचा सुरू होतो. नकाशावर ती नदी असली तरी नावेत बसणाऱ्याच्या दृष्टीनं ती तळ्यांची माळ आहे. आम्ही नवरा-बायको दोघांच्या छोट्या नावेतून हा पट्टा केला. तो नीट करायचा असेल तर नकाशाच्या आधी बंधारे समजून घ्यावेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

इकडचे बंधारे बहुतेक कोल्हापूर पद्धतीचे. नदीत ओळीनं काँक्रीटचे खांब असतात, दोन खांबांमधला गाळा साधारण दोन मीटरचा असतो आणि खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, बसवतात. जुन्या रीतीत लाकडी बरग्यांच्या दोन ओळी असत आणि मधल्या पोकळीत माती ठासत. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी बरगे आलेत. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून काठावर रचून ठेवतात. म्हणजे बरगे घातलेले असतात तोवर वरच्या बाजूला नाव चालवण्याजोगं संथ, खोल पाणी मिळतं. उन्हाळ्यात साठा संपला की खडक आणि वाळू उघडी पडते, आणि बरगे निघाले की पावसाळ्यात त्याच गाळ्यांतून लोंढा सुटतो. 2019 साली या काठानं दोन्ही टोकं एकाच वर्षात पाहिली. एप्रिल-मेमध्ये कुडची, उगारकडे पात्र कोरडं पडलं म्हणून कोयना धरणातून पाणी सोडा अशी मागणी चालली होती, आणि ऑगस्टमध्ये हीच गावं महापुरात होती.

म्हणून हंगाम धरावा नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा. निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: राजापूरला बरगे बसले का, आणि कोयनेच्या पायथा वीजगृहातून विसर्ग चालू आहे का. त्या वीजगृहाचे दोन्ही संच चालले की 2,100 क्युसेक पाणी नदीत येतं. वाटेत उपसा होत होत ते इथवर पोहोचायला दिवस लागतात, पण आलं की बंधाऱ्याखालच्या उथळ जागा पोटाला न घासता पार होतात.

नाव कोणती घ्यावी? आमचं मत पक्कं आहे: हवा भरायची दोनजणांची कयाक. फायबरची नाव पाण्यावर जास्त सरळ आणि वेगानं जाते, पण प्रत्येक बंधाऱ्याला ती उचलून न्यावी लागते, आणि दोघांनी तीस-चाळीस किलोचं धूड नदीकाठच्या मळीच्या चिखलातून काठावर चढवणं हे कंबर मोडणारं काम आहे. हवेची कयाक सतरा-अठरा किलोची असते, घडी करून मोठ्या पिशवीत बसते आणि एसटीतही जाते. भार पेलण्याची क्षमता दोनशे-सव्वादोनशे किलो लिहिलेली असली तरी आम्ही माणसांसकट एकशे ऐंशीच्या वर भरत नाही. त्यापुढं ती पाण्यात बसते आणि वळवायला जड होते. वजनदार माणूस मागे, पाण्याचे कॅन मधोमध तळाला, कपडे पुढच्या टोकात. पुढचा माणूस वल्ह्याचा ठेका धरतो, मागचा तोच ठेका पाळत दिशा सांभाळतो. दोघांनी आपापल्या चालीनं मारलं की वल्ह्यावर वल्हं आपटतं आणि नाव नागमोडी जाते. वल्हं 230 सेंटिमीटरचं असावं, कारण रुंद नावेत आखूड वल्ह्यानं बोटं काठावर घासतात.

हवेच्या बाबतीत एक चूक सगळेच करतात. पहाटेच्या गारठ्यात नळ्या टणक भरतात आणि दुपारी नाव उन्हात काठावर ओढून ठेवतात. पाण्यात असताना खालून गारवा मिळतो, काठावर तो मिळत नाही. हवा फुगते आणि शिवण सुटते. जेवायला थांबलात तर नाव सावलीत घ्या, नाहीतर प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा. दुसरा शत्रू वेडी बाभूळ. काठ तिनं भरलेला आहे आणि तिचा काटा चपलेतून आरपार जातो. नाव कधीच ओढू नये, उचलून ठेवावी. भोक पडलंच तर जागा पूर्ण कोरडी करायची, बारीक पॉलिश पेपरनं घासायची, ठिगळ भोकापेक्षा सगळीकडून किमान तीन सेंटिमीटर मोठं आणि गोल कापायचं, कारण कोपरे आधी सुटतात. पीव्हीसीचा गोंद दोन्हीकडे पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा हात द्यायचा आणि मग दाबायचं. बारा तास तरी हवा भरू नये. त्यामुळं ही दुरुस्ती मुक्कामाच्या गावीच करावी, वाटेत नाही.

नाव पाण्यात घालायला खिद्रापूर सोयीचं. कुरुंदवाडहून एसटी येते आणि पाण्यापर्यंत सामान नेता येतं. कोपेश्वराचं मंदिर सकाळी लवकर बघून घ्यावं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम. स्वर्गमंडपाला 48 खांब आहेत आणि छताला मधोमध गोल मोकळी जागा. नऊच्या सुमाराला उन्हाची तिरीप आतल्या खांबांच्या कडांवर उतरते तेव्हा एकेका खांबावर गुळगुळीत आणि कोरीव कडं कसं आलटून पालटून घेतलंय ते नीट दिसतं. मंदिरासमोर नंदी नाही. तो कर्नाटकात यडूरला आहे असं दोन्ही काठांवरचे लोक मानतात. यडूर याच प्रवासात पुढं लागतं, तिथं वीरभद्राचं मोठं देवस्थान आहे. देवानं एका राज्यात आणि नंदीनं दुसऱ्या राज्यात असावं याचं इथल्या कुणाला अप्रूप नाही. कर्नाटकातल्या जुगूळची माणसं खिद्रापूरला येतात, इकडची तिकडं जातात, आणि दोन्हीकडं मराठी आणि कानडी सारख्याच सहजपणे चालते.

अंतर रस्त्याच्या पाट्यांवरून धरू नये. नदी इथं एवढी वळणं घेते की जलमार्ग रस्त्याच्या दीडपट ते दुप्पट भरतो. उपग्रह नकाशावर पात्राच्या मधून रेघ ओढून मोजा. संथ पाण्यात भरलेली नाव ताशी चार किलोमीटर जाते. बंधारे, जेवण, विश्रांती धरून दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर पुरे. धुकं उठल्याशिवाय निघू नये, कारण धुक्यात मासेमारीची जाळी दिसत नाहीत. दहा-अकरानंतर पूर्वेचा वारा सुटतो. नदी ढोबळमानानं पूर्वेकडंच जात असल्यानं तो तोंडावर येतो आणि दुपारी वेग निम्मा होतो. म्हणून सकाळचे तीन तास वाया घालवू नयेत.

आता बंधारा ओलांडण्याचं. कल्लोळ-यडूर, मांजरी-बावन सौंदत्ती असे ठेंगणे पूल-बंधारे आधी फक्त एक सरळ काळी रेघ म्हणून दिसतात. जवळ गेल्यावर पाण्याचा सूं असा आवाज येतो. दोनशे मीटर अलीकडंच काठ धरायचा. कारण असं, की पाणी वरून संथ दिसलं तरी एखाद्या गाळ्यात बरगा तुटलेला किंवा वाकलेला असतो आणि त्या फटीकडं पाण्याला ओढ असते. नाव आडवी होऊन खांबांना टेकली की वरच्या बाजूची कड पाण्याखाली जाते, नाव भरते, आणि मग दोन माणसांना ती निघत नाही. काठाला लागताना नाळ (नावेचं पुढचं टोक) प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवावी, म्हणजे नाव ताब्यात राहते. पुढचा आधी उतरतो आणि दोर धरतो. सामान आधी पलीकडं न्यावं, नाव दुसऱ्या फेरीत. ट्रॅक्टरची वाट असेल तोच काठ निवडा, चढ सौम्य असतो.

बंधाऱ्याच्या खालची बाजू वरच्यापेक्षा वाईट. गळणारं पाणी पडतं तिथं फेस असतो आणि त्या फेसातलं पाणी उलटं बंधाऱ्याकडं फिरतं. जीवरक्षक जाकीट घातलेला माणूसही त्यात गरगर फिरत राहतो. शिवाय तळाला फुटलेलं काँक्रीट, सळ्या आणि पुरात वाहून आलेले जुने बरगे असतात. खाली किमान पन्नास मीटर चालून, फेस संपल्यावर, गुडघाभर पाण्यात नाव घालावी. बंधाऱ्यावरून उडी मारणारी पोरं बघून तसं करायचा मोह होऊ देऊ नये. त्यांना कुठला गाळा कसा आहे हे पाठ असतं.

अंकलीच्या पुलाखालून जाताना (हे चिकोडी तालुक्यातलं अंकली, सांगली-कोल्हापूर रस्त्यावरचं नव्हे) दोन्ही काठांवर पाणी उपशाचे पाइप दाटीनं दिसायला लागतात. या भागातला ऊस याच मोटारींवर उभा आहे. शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासांतच येते, आणि ती आली की काठावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. फूटव्हॉल्व्हच्या (पाइपच्या पाण्यातल्या तोंडाच्या) जाळीभोवती पाणी ओढलं जातं. नाव ओढली जाण्याइतकं नव्हे, पण वल्ह्याचा किंवा नावेचा दोर तिकडं गेला तर सुटत नाही. खरी भीती विजेची. पाण्यात सोडलेल्या केबलींना जागोजागी जोड दिलेले असतात आणि टेप सुटलेली असते. लोखंडी पाइपला हात लावून नाव थांबवणं हा जिवावरचा खेळ आहे. पाइपांपासून दहा मीटर लांब राहा. रात्री नाव बांधताना दोर थोडा सैल ठेवा. रात्रभर उपसा झाला तर सकाळपर्यंत पाणी उतरतं आणि ताणून बांधलेली नाव काठावर लटकते.

जाळी ओळखायला सोपी आहेत. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगत असले की खाली जाळं आहे. दोन टोकांच्या बाटल्या नजरेत धरून वळसा घ्यावा. वळसा शक्य नसेल तर दोन तरंगांच्या मधोमध, जिथं दोर सगळ्यात खोल असतो, तिथून वल्हं उचलून सरकावं. नावेखालचं सुकाणूचं पातं आधी काढून घ्यावं, नाहीतर एखाद्या भोयाच्या दिवसभराच्या कमाईचं जाळं फाटतं. जलपर्णीतही ते पातं काढूनच जावं. तिच्या मुळ्या त्यात गुंततात आणि नाव जागीच खिळते.

मगरी आहेत. सांगलीकडच्या भिलवडी-औदुंबर पट्ट्याइतकी त्यांची चर्चा इथं होत नसली तरी कृष्णेच्या या भागातही त्या दिसतात. हिवाळ्यात ऊन चढलं की वाळूच्या काठांवर त्या अंग शेकत पडतात, आणि तोच काठ आपल्याला जेवणाला बरा वाटतो. काठावर रुंद पोट घासत गेल्याची खूण आणि दोन्ही बाजूंना पंजे दिसले तर उतरू नये. पाण्यात हातपाय सोडून बसू नये, मासे नदीत साफ करू नयेत, संध्याकाळनंतर पाण्यात जाऊ नये. फेब्रुवारीपासून माद्या अंडी घालण्यासाठी वाळू धरतात, म्हणूनही जानेवारीअखेर प्रवास संपवलेला बरा.

मुक्काम मोकळ्या काठावर नको. गावच्या घाटावर, देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या आवारात विचारून राहावं, आणि उद्या कुठल्या गावाला पोहोचणार ते सांगून निघावं. नाव घेऊन नवरा-बायको आलेत म्हटल्यावर बायकाच आधी चौकशी करतात आणि भाकरी, दही, शेंगाची चटणी येते. पैसे घेत नाहीत. मुलांसाठी काहीतरी खाऊ सोबत ठेवावा. गळिताच्या दिवसांत काठालगतच्या गुऱ्हाळात गरम काकवी मिळते. तिथंच काहील (उसाचा रस उकळायची मोठी पसरट कढई) नीट पाहून घ्या: पुरात हीच गुळाची काहील पाण्यात ढकलून माणसं आणि करडं पैलतीरी नेली जातात.

नदीचं पाणी उकळूनही पिऊ नये. कारखाने, शेतातली खतं, गावांची गटारं सगळं यात येतं आणि उकळण्यानं रसायनं जात नाहीत. कर्नाटकातल्या गावांत नाणं टाकून वीस लिटर शुद्ध पाणी देणारी केंद्रं आहेत. माणशी रोज चार लिटर धरून तिथंच कॅन भरावेत. गाळपाच्या दिवसांत पाणी तपकिरी दिसलं आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास आला तर तेवढ्या भागात वल्ह्याचे शिंतोडेही तोंडावर येऊ देऊ नयेत.

उगार आणि कुडचीच्या मधे रस्त्याचा आणि मिरज-बेळगाव रेल्वेचा असे पूल लागतात. खांबांच्या मागे भोवरे असतात, म्हणून दोन खांबांच्या बरोबर मधून सरळ जावं. ज्यांना एवढंच पुरे आहे त्यांनी कुडचीला नाव वाळवून घडी करावी आणि स्टेशनवर गाडी धरावी. माघी पौर्णिमेच्या आसपास मात्र चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेमुळं या मार्गावर पाय ठेवायला जागा नसते.

कुडचीच्या पुढं हिप्परगीचा फुगवटा जाणवायला लागतो. पात्र रुंद होतं, काठ लांब जातात, आणि गावांत कानडीच ऐकू येते. इथं आमची शिस्त अशी: काठापासून पन्नास मीटरच्या आत राहायचं आणि दुपारी बारानंतर आडवं ओलांडायचं नाही. हिप्परगीला 22 दारं आहेत आणि साठा सुमारे 6 टीएमसी (अब्ज घनफूट). बॅरेजच्या अर्धा किलोमीटर अलीकडंच काठ धरून प्रवास संपवावा. दारांजवळ जाऊ नये, तिथले कर्मचारीही थांबवतात आणि त्यांचं बरोबर आहे.

त्याच्याखाली नाव घालण्यापेक्षा रस्त्यानं चिक्कपडसलगीला जाऊन या. सिद्दू न्यामगौडांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून, श्रमदान करून 1989 मध्ये तिथला बंधारा उभा केला, म्हणून त्याला श्रमबिंदू सागर म्हणतात. तिथून पुढं आलमट्टीचा फुगवटा, 519.6 मीटर पातळीपर्यंत भरणारा, 123 टीएमसीचा. त्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्यानं फूटभर उंचीच्या लाटा उठतात आणि काठ गाठायला तास लागतो. दोनजणांची हवेची नाव त्या पाण्यासाठी नाही. जमखंडीहून एसटी मिळते. पिशवीत भरण्याआधी नाव आतून फडक्यानं पुसून दोन तास सावलीत उलटी ठेवा, आणि घरी गेल्यावर पुन्हा उलगडून शिवणी तपासा.